रात्री गाडी केव्हा काढायची आणि सकाळपर्यंत केव्हा थांबायचं

एका सुनेनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गारगोटीच्या पुढे वाडीत घर. घरात सव्वा वर्षाचं लेकरू, नववीतला मुलगा, शुगर-बीपीवाले सासरे. शेत उसाचं, गोठ्यात दोन म्हशी. कोल्हापूर गाठायचं तर दीड-दोन तास. अशा घरानं ताप, जुलाब, पडणं, कापणं, साप-विंचू यांतल्या कशासाठी रात्रीच गाडी काढायची आणि कशाला सकाळी गेलं तरी चालतं?

बहुतेक घरांत गाडी निघते ती आरडाओरडा ऐकून, रक्त बघून किंवा थर्मामीटरवरचा आकडा बघून. गल्लत तिथंच होते. घोळणा फुटला, ताप १०३ झाला, खोक पडून कपडे रक्तानं भरले, हे सगळं भीतीदायक दिसतं, पण बहुतेक वेळा जीवावरचं नसतं. उलट मण्यार चावलेली जागा दुखतही नाही. शुगरवाल्याच्या हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही. उंदीर मारायची पेस्ट खाल्लेला माणूस दोन दिवस ठणठणीत हिंडतो. डेंगीत तर ताप उतरल्यावर धोका सुरू होतो. म्हणून ‘किती दुखतंय?’ हा प्रश्न नंतरचा. आधी श्वास कसा चाललाय, माणूस नीट ओळखून बोलतोय का, लघवी शेवटची केव्हा झाली आणि हे सगळं किती वाजता सुरू झालं, एवढं बघायचं.

लेकराचा ताप

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला की त्याच वेळी निघायचं, मग ते वरून कसंही दिसो. या वयात जंतुसंसर्ग रक्तात पसरायला काही तास पुरतात आणि ताप एवढंच लक्षण असू शकतं. काही बाळांना तापही येत नाही. अंग गार पडतं आणि दूध ओढायचं बंद होतं. ते तापापेक्षा वाईट.

तुमचं लेकरू सव्वा वर्षाचं आहे. तिथं आकड्याला एवढं महत्त्व नाही. पॅरासिटामॉल देऊन तासभर थांबा आणि मग बघा. १०३ ताप होता, पण औषधानंतर डोळ्यांत बघतंय, खेळण्याला हात घालतंय, दोन घोट पितंय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. ताप १०० च आहे, पण मान टाकून पडलंय, हाक मारल्यावर बघत नाही, तर थांबायचं नाही. रडणारं लेकरू परवडलं. सुई टोचली तरी न रडणारं लेकरू बघून डॉक्टरलाही धास्ती वाटते. ताप उतरल्यावरही मान पुढं वाकत नसेल, टाळू फुगली असेल किंवा अंगावर असे लाल-जांभळे ठिपके असतील की काचेचा ग्लास दाबला तरी पुसट होत नाहीत, तर तेही रात्रीचंच काम.

पॅरासिटामॉलचं गणित नीट समजून घ्या. वजनाच्या प्रत्येक किलोला १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलीग्रॅम. घोटाळा बाटलीवर होतो. मेडिकलमध्ये ५ मिलीत १२० मिलीग्रॅमचं सिरप मिळतं, ५ मिलीत २५० चं मिळतं आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स १ मिलीत १०० चे असतात. तेच १५० मिलीग्रॅम पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिली, दुसरीतून ३ मिली आणि ड्रॉप्समधून दीड मिली होतात. फोनवर कुणी ‘एक चमचा दे’ म्हटलं आणि हातात ड्रॉप्सची बाटली असली, तर तिपटीहून जास्त औषध पोटात जातं. जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, आणि तेही पहिल्या दिवशी काही कळू देत नाही.

खोकला असेल तर श्वास मोजा. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना, अंगावरचा कपडा वर करून, मोबाईलचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगी पडत असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा ओठ निळसर असतील, तर आत्ताच. पोट उडतंय म्हणून बिब्बा घालणं, डाग देणं अजूनही काही वाड्यांत चालतं. त्यात दिवस जातो, आणि वर भाजल्याची जखम होते.

तापात आकडी आली की घर हादरतं. पण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ही तापाची आकडी बहुधा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. लेकराला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. दातखीळ उघडायच्या नादात दात तुटून श्वासनळीत जातो. कांदा आणि चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती थांबायचीच असते म्हणून थांबते. पाच मिनिटं उलटली, आकडी पुन्हा आली किंवा थांबल्यावर अर्ध्या तासानंतरही शुद्ध नाही, तर १०८. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरसुद्धा त्याच दिवशी दाखवा, कारण मेंदूज्वरही असाच सुरू होऊ शकतो.

जुलाब-उलट्या

इथं जीव जातो तो पाणी गेल्यानं. मीठ-साखरेचं पाणी वेळेवर सुरू केलं तर सलाईनची पाळी सहसा येत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि सगळी एकदम. थोडी पुडी ग्लासात, थोडी नंतर, असं केलं की मिठाचं प्रमाण चुकतं आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढून आकडी येऊ शकते. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा. फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. सोबत झिंक २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १०. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. जुलाब बंद करायची मोठ्यांची गोळी मुलांना अजिबात नाही.

निघायचं केव्हा? सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर येते, पाणी पाजलं तर पीतच नाही किंवा गुंगीत आहे. शौचात रक्त असेल तरी त्याच दिवशी. दोन लक्षणं वेगळी सांगतो, कारण ती पोट बिघडण्याची नसतात, ऑपरेशनची असू शकतात. एक, तान्ह्या बाळाला हिरवी उलटी. दुसरं, लेकरू थोड्या थोड्या वेळानं पाय पोटाशी घेऊन कळवळतं आणि मधल्या वेळात मलूल पडून राहतं, नंतर जेलीसारखं लाल शौच होतं. आतड्यात आतडं शिरलेलं असतं. त्या मधल्या शांततेवर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून विश्वास ठेवू नका.

सव्वा वर्षाच्या लेकराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. शेंगदाणा खाताना जोरात ठसका लागला, मग थांबला, पण त्यानंतर शिट्टीसारखा श्वास किंवा चिवट खोकला राहिला, तर दाणा फुफ्फुसाच्या नळीत आहे असं धरून चला. एक्स-रेत दाणा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी ठसक्याची हकीकत डॉक्टरांना सांगाच. आणि रिमोटमधला, खेळण्यातला चपटा बटण-सेल गिळला असेल तर लेकरू हसत-खेळत असलं तरी लगेच निघा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजतो. वर्षाच्या पुढचं मूल असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, सहा वेळांपर्यंत. उलटी काढायची नाही, आणि मध शोधण्यात वेळही घालवायचा नाही.

पावसाळ्यातला मोठ्यांचा ताप

डेंगीत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे निःश्वास टाकतात. नेमक्या त्याच दिवसात रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, लघवी कमी: यांतलं काहीही दिसलं की दाखल व्हायचं, प्लेटलेट कितीही असोत. लोक प्लेटलेटचा आकडाच धरून बसतात, लघवीकडं कुणी बघत नाही. अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन नको, त्यानं रक्तस्राव वाढतो.

भाताच्या चिखलात, पुराच्या पाण्यात किंवा गोठ्यात काम केलेल्याला ताप, पोटऱ्या धरून येणं आणि डोळे लाल ही तिन्ही एकत्र असतील तर लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्या. त्यात लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे झाले की कोल्हापूरच गाठायचं. काविळीच्या माळा घालायला जाऊ नका.

सासरे: छाती, तोंड, शुगर

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारला आणि रात्री छातीत जळजळलं, तर ती ॲसिडिटी असू शकते. पण छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, तो हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकतोय, दरदरून घाम, जीव घाबरा, तर सोडा-इनो पाजत बसायचं नाही. ढेकर आला म्हणून गॅसच होता असं ठरत नाही. हार्ट अटॅकमध्येही ढेकर येतो आणि मळमळतं. शुगरवाल्यांच्या नसा बधिर झालेल्या असतात. सासऱ्यांना नुसती अचानक धाप लागली, बेंबीच्या वर दुखून घाम आला किंवा एकदम गळून गेल्यासारखं झालं, तरी ईसीजी हवाच. बायकांतही हे असंच चकवतं.

अशा वेळी त्यांना टेकवून बसवा, चालवू नका, जिना उतरताना खुर्चीत उचला, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलीग्रॅमची गोळी, किंवा ७५ च्या चार, चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, काळं शौच, रक्ताची उलटी किंवा लकव्याची शंका असेल तर नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याकडून आणून देऊ नका. बीपी आधीच पडलेलं असलं तर त्यानं माणूस कोसळतो. पहिला ईसीजी चांगला आला तरी शंका मिटत नाही. काही तासांनी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा करायला सांगितलं तर थांबा.

लकव्याला वेळेचं बंधन सगळ्यात कडक. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली घसरतो का. एक वाक्य म्हणायला सांगा, बोबडं होतं का. एकही चुकलं की निघा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून. पहाटे उठताना वाकडं तोंड दिसलं, तर रात्री झोपताना किती वाजले होते ते सांगा. सीटी स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव ते कळत नाही, म्हणून इथं ॲस्पिरिन द्यायची नाही. घरात बीपी उतरवायची घाई नको. पाणीसुद्धा पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी जा. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका यायचा धोका असतो.

पण त्याआधी ग्लुकोमीटर असेल तर एक थेंब. शुगर ७० च्या खाली गेली की माणूस लकवा झाल्यासारखा किंवा दारू प्यायल्यासारखा वागतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, कमी असेल तर पुन्हा तेवढीच, मग भाकरी किंवा भात. बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नाही. आणि ते शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर साखर खाऊन बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या. त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, शुगर पुन्हा पडते, आणि ती पडते झोपेत. उपवासाच्या दिवशी, किंवा जुलाबात जेवण बंद असताना, हे हटकून होतं.

नववीतला मुलगा

या वयातली एक गोष्ट कुणी बोलत नाही. मुलगा अचानक पोटात दुखतंय म्हणतो, एखादी उलटी करतो, पण नेमकं दुखत असतं वृषणात, आणि लाजेनं ते सांगत नाही. वृषणाला पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत ऑपरेशन लागतं, नाहीतर ते काढावं लागतं. ओटीपोटात दुखणाऱ्या मुलाला वडिलांनी सरळ विचारावं आणि बघावं. सूज किंवा एक बाजू वर ओढलेली दिसली की सोनोग्राफीची सकाळ बघायची नाही.

तालमीत मानेवर आपटला आणि हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर उचलून बसवू नका. मान आहे तशी धरून फळीवर घ्या. डोक्याच्या माराचंही इथंच सांगतो, कारण ते सगळ्या घराला लागू आहे. टेंगूळ आणि रक्तानं घाबरायचं नाही, कपाळाची जखम दहा मिनिटं दाबून धरली की थांबते. निघायचं ते बेशुद्ध झाला असेल, दोनदा उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, डोळ्याची एक बाहुली मोठी, कानानाकातून पाणी किंवा रक्त, आकडी, यांतलं काही असेल तर. पडल्यावर तास-दोन तास ठीक असून मग गुंगी येणं हे आतल्या रक्तस्रावाचं जुनं ओळखीचं रूप आहे. पहिल्या रात्री झोपू द्या, पण दोन-दोन तासांनी उठवून नाव विचारा. सासरे रक्त पातळ करायची गोळी घेत असतील आणि डोक्यावर पडले, तर लक्षण नसलं तरी सीटी स्कॅन. म्हाताऱ्या माणसात पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी बडबड, झोप, चाल बिघडणं सुरू झालं तर ‘वय झालं’ म्हणू नका. डोक्यात साचलेलं रक्त काढता येतं.

म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं, पाय आखूड दिसतोय आणि पंजा बाहेर वळलाय, तर खुब्याचं हाड गेलंय. तेल लावून चोळू नका. हाडवैद्याकडं कामट्या बांधून घेतल्या असतील आणि बोटं थंड, निळसर, बधिर पडली किंवा बोट नुसतं ताणलं तरी असह्य कळ येते, तर बांधणी तिथल्या तिथं सोडा आणि निघा. आवळलेल्या स्नायूचं रक्त सहा तास तुटलं तर हात-पाय कायमचा निकामी होऊ शकतो.

शेत आणि गोठा

कडबाकुट्टीत बोट तुटलं तर तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्यात विसळा, ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला तर गोठून वाया जातो. कोयत्याच्या जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून पूर्ण दहा मिनिटं धरा. मध्येमध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. हळद, तंबाखू, चहापूड भरू नका, डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं. खोल जखमेला सहा-आठ तासांत टाके घालून घ्यावेत आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं केव्हा झालं ते सांगावं.

उसाचं पातं डोळ्याला लागलं तर मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब हे सगळ्यात वाईट. पात्यावरची बुरशी बुबुळात वाढते, थेंबांनी लाली उतरते, आणि आत व्रण पसरत जातो. दुसऱ्या दिवशीपर्यंत डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकराच्या डोळ्यात फुटली तर मात्र एक मिनिटही घालवू नका. पापण्या उघड्या धरून, चुन्याचे कण ओल्या कापडानं टिपत, वाहत्या पाण्याखाली अर्धा तास डोळा धुवा आणि मगच निघा. इथं आधी दवाखाना आणि मग पाणी असं केलं तर डोळा जातो.

भाजल्यावरही पाणीच. वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, बर्फ नाही, पेस्ट-शाई नाही. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा. गुऱ्हाळातला काकवीचा चटका पाण्यापेक्षा खोल जातो, कारण ती चिकटून राहते. ओढून काढू नका, पाण्यानंच गार होऊ द्या. चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग भाजलं, किंवा लहान मुलाच्या स्वतःच्या चार-पाच तळहातांएवढी जागा भाजली, तर दाखल करायचं. विजेचा झटका बाहेरून टिकलीएवढा दिसला तरी ईसीजी हवा.

सापाचं जरा सविस्तर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर आपलं प्रतिविष चालतं, त्यामुळं साप ओळखायच्या, मारायच्या, पकडायच्या भानगडीत पडू नका. घोणस चावली की सूज आणि कळ जबरदस्त, हिरड्यांतून रक्त. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी असं उठलं तर साप दिसला नसला तरी सापच समजा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, हलवू नका, पैंजण-जोडवी काढा, उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर घ्या. पहिल्या डोसाला साधारण दहा बाटल्या प्रतिविष लागतं आणि लहान मुलालाही तेवढंच, कारण विष तेवढंच आत गेलेलं असतं. काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं का, ही तपासणी साध्या दवाखान्यातही होते. काही झालं नाही असं वाटलं तरी २४ तास दवाखान्यातच. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला जाताना गमबूट आणि बॅटरी, हा या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय.

विंचवाच्या नुसत्या कळीला जागा बधिर करायचं इंजेक्शन पुरतं. पण लाल विंचू चावून कळ कमी आणि घाम, उलट्या, गार हातपाय जास्त असतील, तर विष हृदयावर गेलंय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी यावर प्राझोसिनची गोळी रूढ केली. ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं, आणि लहान मुलांत तर तासाचाही उशीर नको.

कुत्रं चावलं तर रात्रीची धावपळ नाही, पण पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुणं लगेच आणि लस त्याच दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही हवं. चुना-मिरची नको, टाके शक्यतो नकोत.

फवारणीचं किंवा उंदराचं औषध पोटात गेलं, चुकून असो वा रागानं, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. कपडे काढा, अंग धुवा, बाटली किंवा पुडी सोबत घ्या. पॅराक्वॉट हे तणनाशक प्यालेला माणूस पहिल्या दिवशी तोंडाच्या जळजळीपलीकडं तक्रार करत नाही, फुफ्फुसं नंतर निकामी होतात. पिवळ्या फॉस्फरसच्या उंदीर-पेस्टनं लिव्हर दोन-तीन दिवसांनी जातं. ‘थोडंच खाल्लंय, बरा आहे’ म्हणून परत आणू नका.

गॅस गिझर लावून अंघोळ करताना कुणी आतून ओ देत नसेल तर दार तोडा, बाहेर मोकळ्या हवेत ओढा, १०८ लावा. बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी इथं ९८ दाखवते आणि फसवते. गिझरमधून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, ती ऑक्सिजन समजते.

तुमचं स्वतःचं

प्रश्नात घरातल्या सगळ्यांचं आलं, तुमचं नाही. पाळी चुकलेली असताना एका बाजूला पोटात दुखून चक्कर आली तर गर्भ नळीत असू शकतो, आतल्या आत रक्त जातं. दिवस असताना डोकं दुखून डोळ्यांपुढं चमकणं, बीपी १४०/९० च्या वर, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं एकही रात्रभर अंगावर काढायचं नाही. बाळंतपणानंतर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल तर तेही तसंच.

कुठं जायचं

जिथं इलाज औषधाचा आहे, तिथं जवळचा दवाखाना आधी: साप, विंचू, धाप, आकडी, छातीत दुखणं. गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, ऑक्सिजन, पहिला डोस आणि मग पुढं. जिथं मशीन किंवा ऑपरेशन लागतं, म्हणजे लकवा, गुंगी आलेला डोक्याचा मार, तुटलेलं बोट, तिथं मध्ये थांबण्यात वेळ जातो. थेट कोल्हापूर, सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जिथं रात्री सीटी स्कॅन आणि सर्जन आहे अशी जागा, आणि निघताना फोन करून ते आत्ता चालू आहे का विचारून. श्वासाचा किंवा शुद्धीचा प्रश्न असेल तर स्वतःच्या गाडीपेक्षा १०८ बरी, तिच्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. फोनवर आधी ठिकाण सांगा, ओळखीची खूण सांगा, मग आजार. एकाला रस्त्यावर टॉर्च घेऊन उभा करा. सोबत गोळ्यांची पाकिटं, जुनी फाईल, रेशनकार्ड आणि आधार. महात्मा फुले योजनेसाठी ती पुढं लागतातच.

पावसाळ्यात हे सगळं अलीकडं ओढा. वेदगंगा फुगली की बंधारे आधी पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद होता. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसवरचा माणूस किंवा धाप लागणारा हृदयरोगी घरात असेल, तर ३९ कडं पाणी चढतंय असं ऐकल्यावर त्याला शहरातल्या पाहुण्यांकडं, उंच भागात आधीच नेऊन ठेवा, आणि महिन्याच्या गोळ्या, इन्सुलिन बर्फाच्या डब्यासह सोबत द्या.